हिशोब त्यांच्याकडेच राहू द्या

सिस्टर मेरी १०१ व्या वर्षी वारल्या. त्यांच्या इच्छेप्रमाणे मेंदू संशोधनासाठी दिला गेला. त्याचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा अल्झायमरच्या दोन्ही खुणा त्यात भरपूर सापडल्या: पेशींच्या बाहेर साचलेलं अमायलॉइड नावाचं प्रथिन आणि पेशींच्या आत टाऊ प्रथिनाचे झालेले गुंते. नुसता तो मेंदू पाहिला असता तर या बाईंना शेवटी शेवटी माणसंही ओळखू येत नसतील, असाच निष्कर्ष कुणीही काढला असता. पण हयात असताना झालेल्या स्मरणाच्या आणि आकलनाच्या चाचण्यांत सिस्टर मेरींना उत्तम गुण मिळाले होते. मेंदूत आजार होता आणि बाई मात्र शुद्धीत, हुशारीत, चारचौघींशी नीट बोलत गेल्या.

डेव्हिड स्नोडन या साथरोगतज्ज्ञाने १९८६ साली अमेरिकेत मिनेसोटामध्ये सुरू केलेल्या अभ्यासातली ही नोंद. ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोट्र डेम’ या कॅथलिक संघातल्या ६७८ जोगिणी त्यात सहभागी झाल्या. सगळ्या ७५ वर्षांच्या पुढच्या. दरवर्षी चाचण्या देण्याचं आणि मृत्यूनंतर मेंदू देण्याचं त्यांनी कबूल केलं. संशोधकांच्या दृष्टीने हा गट फार मोलाचा होता, कारण या सगळ्या जणींचं जेवण, राहणं, औषधपाणी सारखं होतं. धूम्रपान नाही, संसार नाही, पैशाची चढउतार नाही. बाहेरच्या जगात दोन माणसांची तुलना करताना शंभर गोष्टी आड येतात. इथे त्यातल्या बऱ्याचशा आपोआप बाजूला झाल्या होत्या.

मठाच्या दप्तरात आणखी एक ठेवा निघाला. संघात कायमचं दाखल होण्यापूर्वी, साधारण २२ व्या वर्षी, या मुलींनी स्वतःविषयी एक छोटा निबंध लिहिलेला होता. स्नोडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९३ जणींचे निबंध काढून दर दहा शब्दांत किती कल्पना गुंफल्या आहेत ते मोजलं. ज्यांच्या वाक्यांत कल्पना दाट होत्या, त्यांची बुद्धी पन्नास-साठ वर्षांनीही तल्लख असण्याची शक्यता जास्त निघाली. ज्यांची वाक्यं विरळ होती, त्यांच्यात स्मृतिभ्रंश जास्त. १९९६ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा बरीच खळबळ उडाली. त्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. तरुणपणी घडलेली बुद्धी पुढे कामाला आली असेल, किंवा आजाराची फार सूक्ष्म सुरुवात विशीतच झालेली असेल. हा वाद पूर्ण मिटलेला नाही. पण एवढं पक्कं झालं, की म्हातारपणीच्या बुद्धीची गोष्ट म्हातारपणात सुरू होत नाही.

सिस्टर मेरींचा पूर्वायुष्यक्रम मला त्यांच्या मेंदूइतकाच महत्त्वाचा वाटतो. आठवीपर्यंत शिकून १९ व्या वर्षी त्या शिकवायला लागल्या. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत स्वतः शिकत राहिल्या आणि हायस्कूलचं प्रमाणपत्र त्यांना ४१ व्या वर्षी मिळालं. ७७ व्या वर्षापर्यंत पूर्ण वेळ आणि त्यानंतर ८४ पर्यंत अर्धवेळ त्या वर्गावर उभ्या राहत होत्या. त्यानंतरही घडामोडींवर लक्ष आणि माणसांत उठबस चालूच होती.

मेंदूतला बिघाड आणि माणसाच्या वागण्यातला बिघाड यांचं माप एकास एक जुळत नाही, हे याआधीही दिसलं होतं. १९८८ साली रॉबर्ट कॅट्झमन यांनी वृद्धाश्रमांतल्या १३७ जणांच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली. त्यात दहा जण असे निघाले, की मेंदूत अल्झायमरच्या खुणा आहेत, पण जिवंतपणी बुद्धी सगळ्यांत चांगल्या गटात. कोलंबिया विद्यापीठातल्या याकोव्ह स्टर्न यांनी या कोड्याला जी उपपत्ती दिली ती ‘बौद्धिक राखीव क्षमता’ या नावाने ओळखली जाते. घाटात दरड कोसळली तर एकच रस्ता ठाऊक असलेला अडकून पडतो, आणि आडवाटा माहीत असलेला उशिरा का होईना मुक्कामी पोचतो. शिक्षण, गुंतागुंतीचं काम, वाचन, माणसांशी सतत येणारा संबंध यांनी मेंदूत पेशींमधले जोड वाढतात आणि एक वाट बंद झाली तर दुसरीने काम भागवण्याची सवय लागते. आजार होतोच. त्याचा परिणाम दिसायला मात्र काही वर्षं जास्त लागतात. ऐंशीव्या वर्षी दिसणारी लक्षणं पंच्याऐंशीव्या वर्षी दिसली, तर अनेकांच्या बाबतीत ती दिसण्याआधीच आयुष्य पूर्ण झालेलं असतं. म्हणून ही काही वर्षं लाखमोलाची.

आता वयाबरोबर सगळ्यांच्याच बाबतीत काय होतं, ते थोडक्यात पाहू. मेंदूचा वेग विशी-तिशीपासूनच हळूहळू कमी होत जातो. नवं नाव पटकन आठवत नाही, एका वेळी दोन कामं केली की गोंधळ होतो, चष्मा कुठे ठेवला ते शोधावं लागतं. पण शब्दसंग्रह साठीपर्यंत आणि अनेकांचा त्याच्याही पुढे वाढतो. व्यवहाराची जाण, माणसं ओळखण्याची नजर, आपल्या पेशातलं ज्ञान हे बराच काळ टिकतं. त्यामुळे शेजाऱ्याच्या नातवाचं नाव आठवलं नाही म्हणून घाबरण्याचं कारण नाही. काळजी करावी ती वेगळ्या गोष्टींची: रोजच्या रस्त्याने घरी येताना चुकणं, चाळीस वर्षं केलेल्या पुरणपोळीची कृती मधेच विसरणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत चारदा विचारणं, पैशाच्या व्यवहारात पूर्वी कधीच होत नव्हत्या त्या चुका होणं. अशा वेळी ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये.

राखीव क्षमता शिक्षणाने वाढते हे मान्य केलं, की आपल्याकडे एक अस्वस्थ करणारा प्रश्न उभा राहतो. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या दर शंभर स्त्रियांमागे जेमतेम नऊ साक्षर होत्या. आज ऐंशीच्या आसपास असलेल्या आज्या त्या काळात शाळेत जाण्याच्या वयाच्या होत्या. त्यांच्या हातून पाटी काढून घेतली गेली, किंवा ती कधी दिलीच गेली नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश आहे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरांपेक्षा खेड्यांत आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत जास्त आढळलं. मुलीला शाळेत न घालण्याची किंमत सत्तर वर्षांनी तिच्या मेंदूला मोजावी लागते, असं म्हणायला आता पुरेसा आधार आहे.

पण शाळेबाहेरही मेंदू घडतो. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांना दोन किंवा जास्त भाषा बोलता येत होत्या, त्यांच्यात आजाराची लक्षणं एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली. विशेष म्हणजे निरक्षर रुग्णांतही हा फरक होता, म्हणजे हे श्रेय केवळ शाळेचं नव्हतं. २०१३ सालच्या या अभ्यासाला मर्यादा आहेत. तो दवाखान्यात आलेल्यांचा आहे, आणि सगळीकडच्या अभ्यासांत असंच निघालेलं नाही. तरीही सोलापूरच्या बाजारात मराठी, कन्नड आणि तेलुगूत भाव करणारी भाजीवाली, किंवा घरात कोंकणी बोलणारे, वर्तमानपत्र मराठीत वाचणारे आणि देवळाबाहेर हिंदी बोलणारे पेडण्याचे आजोबा दिवसभर मेंदूला जो व्यायाम देतात, तो कुठल्याही कोड्यापेक्षा कमी नाही असं मला वाटतं. नातवंडांशी आपल्या भाषेत बोलावं, आणि त्यांच्याकडून एखादी दुसरी भाषा शिकावी, हे दोन्ही करण्यासारखं आहे.

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने. गावातल्या म्हाताऱ्या बायकांनी आम्हालाही वाचता आलं असतं तर, असं बोलून दाखवलं आणि त्यातून ही कल्पना निघाली. साठ ते नव्वद वयाच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून शाळेत जाऊ लागल्या. अंगठ्याऐवजी सही करू लागल्या. साठीनंतर बाराखडी शिकल्याने स्मृतिभ्रंश किती टळतो, याचं मोजमाप या शाळेने केलेलं नाही आणि तो तिचा हेतूही नव्हता. पण उतारवयात मेंदूला खरोखर नवं आणि अवघड काही द्यायचं तर ते कसं असावं, याचा हा उत्तम नमुना आहे. शिकणं रोजचं होतं, सोबत मैत्रिणी होत्या आणि शिकलेलं दुसऱ्या दिवशी उपयोगाला येत होतं.

मोबाइलवरच्या ‘ब्रेन गेम’विषयी म्हणूनच फार आशा धरू नये. अमेरिकेत २,८३२ वृद्धांवर केलेल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ साली आले. ज्यांना स्मरणाचं शिक्षण दिलं ते स्मरणाच्या चाचणीत सुधारले, ज्यांना वेगाचं दिलं ते वेगाच्या चाचणीत. एका गोष्टीचा सराव दुसऱ्या गोष्टीत फारसा उतरला नाही. ‘ल्युमॉसिटी’ या खेळांच्या कंपनीने म्हातारपणातली विस्मृती टळेल अशा जाहिराती केल्या होत्या, आणि त्या दाव्यांना पुरावा नसल्याच्या तक्रारीवरून २०१६ साली तिला अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी २० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. शब्दकोडं आवडत असेल तर जरूर सोडवावं. पण रोज सुडोकू सोडवून माणसांशी बोलणं टाळणाऱ्यापेक्षा पत्त्यांचा डाव मांडून भांडणारे चौघे जास्त फायद्यात असतात. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात पंच्याहत्तरीपुढच्या ४६९ जणांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलेला अभ्यास २००३ मध्ये आला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्य वाजवणं आणि नाच या चार गोष्टी नियमित करणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळला. शरीराच्या हालचालींपैकी एकट्या नाचाचं नाव त्यात ठळकपणे आलं. ताल, पावलं, समोरच्याची चाल, सगळं एकदम सांभाळावं लागतं त्यात. आपल्या मंगळागौरीच्या खेळांना आणि भजनी मंडळातल्या टाळ-मृदंगाला या दृष्टीने पाहायला हरकत नाही.

आता कानाकडे येऊ. या सगळ्या विषयात सर्वांत जास्त दुर्लक्ष झालेला अवयव तोच.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी, पण बदलता येण्यासारखी १४ कारणं मांडली. ती सगळी पूर्ण दूर करता आली, तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात अल्पशिक्षण, मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान, दारू, डोक्याला मार, हवेचं प्रदूषण, नैराश्य, एकटेपणा असं बरंच काही आहे. या यादीत सर्वांत मोठा वाटा ज्या दोन कारणांचा आहे त्यांतलं एक वाईट कोलेस्टेरॉल, आणि दुसरं ऐकू कमी येणं. प्रत्येकी ७ टक्के.

ऐकू कमी येण्याचा आणि विसरण्याचा संबंध काय? एक म्हणजे, अर्धवट ऐकू आलेला शब्द जुळवून घेण्यात मेंदूची सगळी शक्ती जाते आणि ऐकलेलं साठवायला काही उरत नाही. दुसरं, ध्वनी पोचेनासे झाले की मेंदूचे संबंधित भाग वापराविना झिजतात. तिसरं कारण मात्र मोजायला यंत्र लागत नाही, ते प्रत्येक घरात दिसतं. आजोबा ‘काय?’ म्हणतात. एकदा सांगितलं जातं, दोनदा मोठ्याने सांगितलं जातं, तिसऱ्यांदा ‘काही नाही, राहू द्या’ म्हटलं जातं. हळूहळू आजोबा विचारायचं सोडतात. जेवताना सगळे हसतात तेव्हा तेही हसतात, पण कशाला ते त्यांना ठाऊक नसतं. लग्नाकार्यात जाणं नको होतं. फोन नको होतो. मग एक दिवस मुलाच्या लक्षात येतं, की परवा सांगितलेलं बाबांच्या लक्षात नाही. जे कानापर्यंत पोचलंच नव्हतं ते लक्षात राहणार कसं, हा प्रश्न कुणाला पडत नाही.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या फ्रँक लिन यांनी २०११ साली दाखवलं, की सौम्य, मध्यम आणि तीव्र बहिरेपणा असलेल्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका अनुक्रमे साधारण दुप्पट, तिप्पट आणि पाचपट आढळतो. मग कानाला यंत्र लावल्याने फरक पडतो का, हे पाहण्यासाठी त्यांच्याच नेतृत्वाखाली ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं प्रयोग झाला. निकाल २०२३ मध्ये आला आणि तो प्रामाणिकपणे सांगायला हवा. सगळ्यांची सरासरी घेतली तर फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीच धोका जास्त होता, म्हणजे वय, रक्तदाब, मधुमेह, कमी शिक्षण अशी कारणं जमलेली होती, त्यांच्यात श्रवणयंत्र लावल्यावर बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. आपल्याकडच्या वृद्धांचं वर्णन या दुसऱ्या गटाशीच अधिक जुळतं.

चष्मा लावायला कुणी लाजत नाही, पण कानात यंत्र दिसलं की लोक काय म्हणतील याची धास्ती वाटते. ही धास्ती फार महाग पडते. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून मळ किंवा संसर्ग नाही ना ते पाहून घ्यावं, कारण नुसता मळ काढल्यानेही काहींना लख्ख ऐकू येतं. मग ऑडिओमेट्री, म्हणजे कानाची मोजणी, करून घ्यावी. यंत्र दुकानातून तयार आणून कानात घालू नये. ऑडिओलॉजिस्टकडून मोजणीप्रमाणे ते जुळवून घ्यावं लागतं आणि पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत दोन-तीनदा पुन्हा दाखवावं लागतं. सुरुवातीला पंख्याची घरघर आणि भांड्यांचा आवाज नकोसा वाटतो. मेंदूची ती सवय मोडलेली असते. याच टप्प्यावर अनेक यंत्रं कपाटात जातात, आणि याच टप्प्यावर घरच्यांनी नेट धरायला हवा. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना २०१७ सालापासून केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत श्रवणयंत्र मोफत मिळू शकतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्थाही आहे.

डोळ्यांचंही तसंच. सिअ‍ॅटलमध्ये मोतीबिंदू असलेल्या तीन हजारांहून अधिक वृद्धांचा अभ्यास झाला. ज्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहत वर्षं घालवणं आता योग्य नाही.

जोगिणींच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली होती, आणि माझ्या मते ती त्या निबंधांपेक्षाही उपयोगाची आहे. ज्यांच्या मेंदूत नुसत्या अल्झायमरच्या खुणा होत्या, त्यांतल्या ५७ टक्के जणींनाच प्रत्यक्ष स्मृतिभ्रंश झाला होता. पण त्याच्या जोडीला मेंदूच्या खोल भागात रक्तवाहिनी बंद पडून एक-दोन बारीक झटके येऊन गेले असतील, तर हे प्रमाण ९३ टक्क्यांवर गेलं. असे झटके पुष्कळदा कळतही नाहीत. हात लुळा पडत नाही, तोंड वाकडं होत नाही. पण राखीव क्षमता त्यांनी खाऊन टाकलेली असते. वाढलेला रक्तदाब आणि साखर ही त्यांची मुख्य कारणं. नऊ हजारांहून अधिक लोकांवरच्या एका अमेरिकी प्रयोगात वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवला, तेव्हा बुद्धीच्या सौम्य घसरणीचं प्रमाण १९ टक्क्यांनी घटलं. याचा अर्थ प्रत्येकाने १२० गाठावं असा नव्हे. अशक्त वृद्धांना त्याने चक्कर येऊन पडायला होतं. आकडा डॉक्टरांनी ठरवायचा. पण ‘मला काही होत नाही’ म्हणून गोळी बंद करणारे हजारो लोक आपल्या अवतीभवती आहेत, आणि पन्नाशीत बंद केलेल्या त्या गोळीचा जाब पंच्याहत्तरीत मेंदूला द्यावा लागतो.

काही विस्मृती तर चक्क बऱ्या होण्यासारख्या असतात. थायरॉइड कमी पडणं, नैराश्य, झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्या, पडून डोक्याला मार लागल्यावर कवटीखाली हळूहळू साचलेलं रक्त. आपल्याकडे या यादीत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता वरच्या बाजूला हवी. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांत ते कमी आढळलं होतं. वयाबरोबर ते पोटात शोषलं जाणं कमी होतं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी रोज गोळी घेणाऱ्यांत आणखी कमी. पायांना मुंग्या, थकवा, चिडचिड आणि विसरणं एकत्र दिसलं, तर रक्त तपासून घ्यावं. आणि गोंधळणं एक-दोन दिवसांत अचानक सुरू झालं, तर तो म्हातारपणाचा भाग समजू नये. लघवीतला संसर्ग, सोडियम घसरणं किंवा मेंदूतला झटका यांपैकी काहीही असू शकतं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो.

एवढं झाल्यावर उरतो तो भाग औषधाचा नाही. १९७६ साली एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमात एक साधा प्रयोग केला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं: खोली कशी लावायची ते तुम्ही ठरवा, तक्रार असेल तर बोला, सिनेमा कुठल्या दिवशी पाहायचा ते निवडा, आणि हे रोप घ्या, त्याची निगा तुमच्याकडे. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं: तुमची सगळी काळजी आम्ही घेऊ. रोप त्यांनाही दिलं, पण पाणी घालायचं काम परिचारिकांकडे. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरचे लोक अधिक सावध, हालते-बोलते आणि आनंदी दिसू लागले. प्रयोग लहान होता, सारे मिळून ९१ जणांचा. पण आपल्या घरांत त्या दुसऱ्या मजल्यासारखं वागणं किती प्रेमाने चालतं, हे पाहिलं की वाईट वाटतं. ‘आई, तू आता आराम कर.’ भाजी निवडणं काढून घेतलं जातं, कारण ती हळू निवडते. दूधवाल्याचा हिशोब, वाण्याची यादी, पासबुक भरून आणणं, लग्नातल्या आहेराची वही, एकेक करत सगळं मोबाइलवर जातं. मुलं हे काळजीपोटी करतात, यात शंका नाही. पण ज्या मेंदूला ठरवायला काही उरत नाही, तो ठरवणं विसरतो. फ्रान्समध्ये स्वतःचा व्यवसाय करून निवृत्त झालेल्या चार लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. निवृत्ती जितकी उशिरा, तितका स्मृतिभ्रंशाचा धोका दर वर्षामागे सुमारे ३ टक्क्यांनी कमी, असं त्यात आढळलं.

महर्षी धोंडो केशव कर्वे सत्तरी ओलांडल्यावर आपल्या संस्थेसाठी जगभर फिरून आले. १९३६ साली, ७८ व्या वर्षी, जिथे शाळा नाहीत अशा खेड्यांसाठी त्यांनी प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. १९४४ मध्ये, ८६ व्या वर्षी, समता संघ काढला. १९५८ साली भारतरत्न मिळालं आणि १९६२ मध्ये ते १०४ वर्षांचे होऊन गेले. एका माणसाच्या उदाहरणाने शास्त्र सिद्ध होत नाही, हे मान्य. पण ७८ व्या वर्षी त्यांना कुणी घरी बसवलं असतं, तर त्या खेड्यांतल्या मुलांचं आणि त्यांचं स्वतःचंही नुकसान झालं असतं.

प्रत्येकाला संस्था काढायची नसते. घरातला महिन्याचा हिशोब, कुळाचाराची तयारी, नातवाचे पाढे, सोसायटीच्या बैठकीतलं एखादं काम, ज्येष्ठ नागरिक संघाची वर्गणी गोळा करणं पुरेसं आहे. रोज अर्धा तास चालणं, रात्रीची नीट झोप आणि चार माणसांशी बोलणं हवं. हिशोब दोनदा चुकला तर शेजारी बसून तिसऱ्यांदा मिळवा, पण वही काढून घेऊ नका. या महिन्यात घरातल्या साठीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजा, साखर आणि बी-१२ तपासा, आणि एकदा कानांची मोजणी करून घ्या. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी त्यांना काही विचारलं, तर उत्तर त्यांनाच देऊ द्या. वेळ लागला तरी थांबा.